बोकडाची रोहिणी की पीसीएलची नळी?

कृत्रिम रक्तवाहिनी सहा मिलिमीटरपेक्षा बारीक असली की डेक्रॉन, ईपीटीएफई ही नेहमीची प्लास्टिकं का टिकत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. नळी गुठळीनं बुजते म्हणून तर स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना वाढायला सांगाडा, शोधताय. बोकडाची रोहिणी की पीसीएल या शरीरात विरघळणाऱ्या प्लास्टिकची नळी, मी दोन्ही करून बसलोय. दीड वर्ष बोकडाच्या मानेतली रोहिणी पेशीमुक्त करण्यात गेलं, मग इलेक्ट्रोस्पिनिंगकडे, म्हणजे विजेच्या दाबानं पीसीएलचे बारीक तंतू ओढून सळईवर नळी घडवण्याकडे, वळलो.

डीसेल, म्हणजे पेशीमुक्त, केलेली रोहिणी हातात घेतली की मोह पडतो. कोलॅजन, इलॅस्टिन ही भिंतीची प्रथिनं जागच्या जागी. चिमटीत दाबून सोडली की पुन्हा गोल होते, टाकाही घट्ट धरते. तिच्यापुढे पीसीएलची नळी अगदीच कागदी. प्रत्येक बोकडाचा व्यास वेगळा, तेही मी चालवून घेतलं. चालवून घेता आला नाही तो फेस.

पेशी काढायला एसडीएस लागतं, म्हणजे साबणाचाच भाऊबंद. पेशी जातात, पण ते स्वतः प्रथिनांना चिकटून बसतं. ते धुऊन काढायला सकाळ-संध्याकाळ पीबीएस हे मिठाचं द्रावण बदलायचं, रविवारीसुद्धा. सहाव्या दिवशी धुवणाचं पाणी ट्यूबमध्ये घेऊन हलवलं, तर वर बोटभर फेस. नवव्या दिवशी फेस दिसला नाही म्हणून रोहिणीला आतून अस्तर करणाऱ्या एंडोथेलियल पेशी पेरल्या. दुसऱ्या सकाळी मायक्रोस्कोपखाली पाहतो तर सगळ्या मरून, गोल होऊन तरंगतायत. एसडीएस कमी करून ट्रायटन या सौम्य साबणावर भर दिला, तर भिंतीत पेशींची केंद्रकं तशीच राहिली. माझा हात कच्चा असेल, नाही म्हणत नाही, इतरांना जमतं. अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये एफडीएनं मान्यता दिलेली सिमव्हेस ही नळीही पेशीमुक्तच आहे. पण ती जनावराची नव्हे. पीजीए या विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या जाळीवर माणसाच्या पेशी वाढवून घडवलेली, मग पेशी काढलेली, आणि मान्यता हातापायांच्या जखमी रोहिण्यांपुरती.

पीसीएलचे नखरे कमी नाहीत. पावसाळ्यात तंतू धड पडत नाहीत. जुलैत मी यंत्राला हातच लावत नाही. जाळी इतकी दाट की स्नायुपेशी आत न शिरता वरच पसरतात. शरीरात विरघळायला दोन वर्षंही पुरत नाहीत, आणि उंदरांवरच्या लांबलेल्या प्रयोगांत भिंतीत कॅल्शियम साचलेलं दिसलंय. पेशी चिकटाव्यात म्हणून जिलेटिन मिसळावं लागतं, ते वेगळंच. तरी बिघडलेली नळी दुपारपर्यंत पुन्हा काढता येते, त्याच व्यासाची. डीसेलमध्ये एक चूक म्हणजे पुन्हा खाटकापासून सुरुवात.

थंड खोली, वेळ आणि रविवारी येणारा सहकारी असेल, तर डीसेल जरूर करून पाहा. पीसीएलच घेणार असाल, तर सळईवर आधी साखरेच्या पाकाचा पातळ थर द्या. पाण्यात ठेवली की नळी अलगद निसटते. नाहीतर ओढताना आतला थर सोलवटतो. आणि निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हच्या गरम वाफेत मात्र घालू नका. पीसीएल 60 अंशांच्या आसपास वितळतं. माझ्या पहिल्या चार नळ्यांचा एक गोळा अजून ड्रॉवरमध्ये आहे.