पाच टक्क्यांचं कार्ड आमच्या घरात किती टक्क्यांचं ठरलं: कॅशबॅक एसबीआय कार्डाचा अनुभव

२०२४ च्या उन्हाळ्यात मी कॅशबॅक एसबीआय कार्ड घेतलं. गणपती, दिवाळी, पोरांची खरेदी, गाडीचा विमा, सासूबाईंची औषधं असे सगळे खर्च त्यावरून झाले, स्टेटमेंटंही बरीच जमली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. आम्ही नाशिकला राहतो, दोघंही नोकरी करतो. विमानाने फिरणं फारसं होत नाही, त्यामुळे लाउंज, हॉटेलचे पॉइंट वगैरे गोष्टींचं मला काही महत्त्व नव्हतं. सरळ पैसे परत मिळावेत, एवढंच पाहिजे होतं.

कार्डाची योजना सोपी आहे. ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, मग साइट कुठलीही असो. दुकानात स्वाइप केलं तर १ टक्का. मी घेतलं तेव्हा एका स्टेटमेंटला जास्तीत जास्त ५,००० रुपये. वार्षिक फी ९९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून जवळजवळ ११७९. वर्षात २ लाखांचा खर्च झाला तर पुढच्या वर्षीची फी माफ. या कार्डाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कॅशबॅकसाठी काही करावं लागत नाही. स्टेटमेंट तयार झालं की एक-दोन कामाच्या दिवसांत रक्कम आपोआप कार्डाच्याच खात्यात वळती होते. पॉइंट जमवा, अ‍ॅपमध्ये जाऊन रिडीम करा, मुदत संपायच्या आत वापरा, यातलं काही नाही.

आता जाहिरातीतले पाच टक्के आमच्या घरात किती उरतात ते बघा. एका महिन्याचं स्टेटमेंट समोर ठेवूनच लिहिते. मिक्सर ६,४९९, मुलांचे कपडे २,७४०, औषधं १,८५०, हे तिन्ही ऑनलाइन. डीमार्टला ४,२०० स्वाइप. लाइट बिल २,१३०, गाडीचा विमा ९,८६०, पेट्रोल २,०००. एकूण २९,२७९ रुपये. कॅशबॅक आला ५९६. म्हणजे दोन टक्क्यांच्या जरासा वर. कारण लाइट बिल, विमा आणि पेट्रोल या तिन्हींवर शून्य.

मे २०२३ पासून या कार्डाच्या वगळलेल्या खर्चांची यादी बरीच लांबली. वीज-पाणी-गॅसची बिलं, विमा, शाळेची फी, दागिने, रेल्वेची तिकिटं यांवर काही मिळत नाही. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि ईएमआयवर घेतलेली वस्तू यांचंही तेच. लाउंजची सोयही तेव्हाच काढली. शाळेच्या फीचं मला फार वाईट वाटतं, कारण मध्यमवर्गीय घरात वर्षातला एकरकमी मोठा खर्च तोच असतो. कार्ड घेण्याआधी ही यादी वाचली होती, म्हणून धक्का बसला नाही. पण ऑनलाइन म्हणजे सगळंच ऑनलाइन, असं समजून कोणी घेतलं तर पहिलं स्टेटमेंट बघून नक्की हिरमोड होईल.

तरी हेच का ठेवलं? घेताना चार-पाच कार्डं शेजारी मांडून बघितली होती, आणि आजही तोच हिशोब पटतो.

अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय हे कार्ड आयुष्यभर मोफत आहे आणि प्राइम सदस्यांना अ‍ॅमेझॉनवर ५ टक्के देतं, प्राइम नसेल तर ३. बाहेर मात्र बहुतेक ठिकाणी १ टक्का. ज्यांची सगळी खरेदी अ‍ॅमेझॉनवरच होते त्यांनी माझं कार्ड घ्यायची काहीच गरज नाही, फी भरून तेवढेच पाच टक्के मिळणार. आमची खरेदी विखुरलेली आहे. औषधं एकीकडून, कपडे दुसरीकडून, मुलांची पुस्तकं थेट प्रकाशकाच्या साइटवरून. अशा छोट्या साइटवरही पूर्ण ५ टक्के मिळतात, आणि आमच्यासाठी हे कार्ड तिथेच उजवं ठरलं. मोफत कार्डाच्या तुलनेत बाहेरच्या साइटवर ४ टक्के जास्त मिळतात, म्हणजे अ‍ॅमेझॉन सोडून वर्षाला साधारण साडेएकोणतीस हजारांची ऑनलाइन खरेदी झाली की फी वसूल. त्याच्या वर सगळा फायदा. आमची ही रक्कम दिवाळीच्या आधीच पार झाली.

फ्लिपकार्ट अ‍ॅक्सिसची फी ५०० आहे, पण ती माफ व्हायला वर्षाला साडेतीन लाखांचा खर्च लागतो. आमच्या घराला तो आकडा जड आहे. एचडीएफसी मिलेनियामध्ये ५ टक्क्यांची साइट्सची ठरलेली यादी आहे आणि महिन्याला १,००० ची मर्यादा, म्हणजे वीस हजारांपुढे त्या दराने काही नाही. दिवाळीत आम्ही ३२,००० चं वॉशिंग मशीन ऑनलाइन घेतलं, त्यावर मला १,६०० मिळाले. मिलेनियावर हजारालाच गाडी थांबली असती. शिवाय तिथे कॅशबॅक 'कॅशपॉइंट' म्हणून जमतो, ते आपणच रिडीम करायचे. त्याची जमेची बाजू म्हणजे फी माफीसाठी वर्षाला १ लाखच पुरतात. खर्च कमी असलेल्या, एकट्या राहणाऱ्या मुला-मुलींना ते बरं.

वॉशिंग मशीनच्या वेळी साइटवर 'नो कॉस्ट ईएमआय' दिसत होतं. ते मी घेतलं नाही. एक तर ईएमआयवर कॅशबॅक नाही. दुसरं म्हणजे व्याजाइतकी सूट आधी दिली तरी बँक ते व्याज लावतेच, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आपल्याच माथी येतो. वर प्रोसेसिंग फी असेल ती वेगळी. पैसे हाताशी असतील तर एकरकमी घ्यावं आणि पाच टक्के पदरात पाडून घ्यावेत. वस्तू परत केली तर मात्र तिचा कॅशबॅकही पुढच्या हिशोबात वजा होतो, हे ध्यानात असू द्या.

बिलांसाठी वेगळं कार्ड पाहिजेच, असं आता माझं ठाम मत झालंय. गूगल पेवरून लाइट बिल, मोबाइल, गॅस भरायला अ‍ॅक्सिस एस (ACE) कार्ड ५ टक्के देतं, महिन्याची मर्यादा ५००, फी ४९९. आमची बिलं बघता त्याचा अर्ज करायचं ठरतंय.

किराण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आमचा वाणी, भाजीवाला, पिठाची गिरणी, सगळीकडे क्यूआर कोड. स्वाइप मशीन कोणाकडेच नाही. माझं कार्ड व्हिसाचं, त्यामुळे यूपीआयला जोडता येत नाही. ती सोय रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्डांना दिली. या कामासाठी टाटा न्यू इन्फिनिटीचं रुपे कार्ड बघितलं. टाटा न्यू अ‍ॅपच्या यूपीआय आयडीवरून पैसे दिले तर दीड टक्का, दुसऱ्या अ‍ॅपच्या आयडीवरून अर्धाच. फी १,४९९, आणि परताव्यात जमलेले न्यूकॉइन नावाचे पॉइंट टाटांच्याच दुकानांत खर्च करायचे. महिन्याला आठ-दहा हजारांच्या किराण्यावर दीड टक्का म्हणजे सव्वाशे-दीडशे. सध्या तरी मला ते पटत नाही.

या सगळ्या हिशोबाला एकच अट आहे: बिल पूर्ण भरायचं आणि वेळेवर भरायचं. नोव्हेंबर २०२४ पासून एसबीआय कार्डाचा व्याजदर महिन्याला ३.७५ टक्के आहे, वर्षाचा ४५. एकदा 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून बाकी पुढे ढकललं की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, मग पाच टक्के दीड महिन्यातच खलास. व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकालही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. मी ऑटो डेबिट 'टोटल ड्यू'वर, म्हणजे पूर्ण बिलावर, लावून ठेवलंय. लावताना ते 'मिनिमम'वर तर नाही ना, हे नीट बघा.

शेवटी एक कामाची गोष्ट. हे कार्ड आल्यावर आधीच्या एका बँकेचं कार्ड बंद करायला सांगितलं, तर कस्टमर केअरवाले 'मॅडम, फी माफ करतो' म्हणत फोनवर फोन करत राहिले, अर्ज काही पुढे सरकेना. मग ईमेलवर लेखी दिलं आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाची आठवण करून दिली. थकबाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. जुलै २०२२ पासून हा नियम आहे. कार्ड त्याच आठवड्यात बंद झालं. बंद झाल्याचं ईमेल जपून ठेवलंय, महिना-दोन महिन्यांनी सिबिल रिपोर्टमध्येही (आपल्या कर्ज-कार्डांची नोंद असते तो) बघून घेणार आहे.