‘आपलाच माणूस’ म्हणून घेतलेलं शिकारीचं सामान

कोलोरॅडोत राहून मला बारा वर्षं झाली. शेजारचे आजोबा दर ऑक्टोबरमध्ये एल्कच्या शिकारीला जातात आणि परतले की आमच्याकडे मटणाचा वाटा येतो. एल्क हे सांबराच्याच कुळातलं जनावर. मादीसुद्धा सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच झाली, त्यामुळे मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गेल्या वर्षी आजोबा म्हणाले, चल एकदा. मी हंटर सेफ्टीचा कोर्स केला (१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे तो सक्तीचा आहे), मादीचा परवाना काढला. बंदूक आजोबांचीच वापरायची होती. बाकीचं सामान मात्र माझं मला जमवायचं होतं.

दुकानातले भाव बघून छातीत धस्स झालं. त्याच आठवड्यात आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट आली. नोकरी बदलून न्यू जर्सीला चाललोय, शिकारीचं सगळं सामान एकगठ्ठा द्यायचंय: स्लीपिंग बॅग, दुर्बीण, मटण वाहायची फ्रेमची सॅक, केशरी जॅकेट. ११५० डॉलर. मी फोन केला. “ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?” हा त्याचा पहिला प्रश्न. मी जुन्नर म्हटल्यावर तो मंचरचा निघाला. शिवनेरी, ओझर, बाजारातली मिसळ, अर्धा तास आम्ही गावाकडचंच बोललो. सामानाबद्दल मी जेमतेम चार प्रश्न विचारले असतील.

शनिवारी एका पार्किंगमध्ये भेटलो. स्लीपिंग बॅग पिशवीत गच्च कोंबलेली होती. उघडून बघू का, म्हटलं, तर म्हणाला, “नको ताई, परत नीट भरताना जीव जातो. आणि अर्ध्या तासात दुसरे एक जण येतायत, पण तुम्ही आपल्या माणूस.” पैसे फोनवरून थेट त्याच्या खात्यात गेले. कार्डाने देऊ का, हे मी विचारलंसुद्धा नाही. विचारायला कसंसंच वाटलं.

पहिला झटका निघायच्या सकाळीच बसला. जॅकेट बघून आजोबांनी मान हलवली. कोलोरॅडोत रायफलच्या मोसमात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत केशरी किंवा गुलाबी रंग अंगावर लागतो, त्यातच डोक्यावरची त्याच रंगाची टोपीही आली. पानाफुलांची नक्षी असलेला केशरी यात धरत नाहीत. माझं जॅकेट नेमकं तसंच होतं. दंडाचं सोडा, झाडीतल्या दुसऱ्या शिकाऱ्याला आपण माणूस आहोत हे दिसावं म्हणून तो नियम आहे. आजोबांनी त्यांचं जुनं जॅकेट दिलं आणि आम्ही मीकर गावाच्या वरच्या अंगाला, फ्लॅट टॉप्सच्या पठाराकडे निघालो.

तंबू साधारण दहा हजार फुटांवर होता. संध्याकाळपासून बर्फ भुरभुरत होतं. बॅगवर मोठ्या अक्षरात उणे १८ अंश लिहिलेलं, आत बदकाची पिसं असल्याचं त्याने छातीठोकपणे सांगितलेलं. रात्री अकराला माझे दात वाजायला लागले. एकच्या सुमारास बोटांनी चेन ओढता येईना. आजोबांनी उठून स्टोव्हवर पाणी तापवलं, बाटल्यांत भरून माझ्या काखेत आणि मांड्यांमध्ये ठेवलं, आपलं घोंगडं वर टाकलं. मी एकटी असते तर काय झालं असतं, हा विचार अजूनही रात्री जाग आली की येतो.

घरी आल्यावर मी त्या बॅगची शिवण उसवली. आत पांढरा, गोळे झालेला पॉलिएस्टर. चिमूटभर घेऊन काडी लावली. खरं पीस जळताना केस जळल्याचा वास येतो. हे वितळलं आणि त्याचा काळा, टणक मणी झाला. इथल्या स्लीपिंग बॅगला आत काय भरलंय ते सांगणारी पांढरी पट्टी शिवलेली असते. माझ्या बॅगवर त्या जागी कापलेल्या दोऱ्यांची चार टोकं तेवढी शिल्लक होती. तापमानाचंही नीट समजून घ्या: चांगल्या बॅगवर आरामाचा, मर्यादेचा आणि टोकाचा असे वेगवेगळे आकडे असतात. टोकाच्या आकड्याला माणूस जेमतेम जगतो, झोपत नाही. फक्त एकच मोठा आकडा दिसला की तो कुठला, हे विचारा.

दुर्बिणीचीही तीच गत. एल्क उजाडताना आणि दिवस मावळताना उघड्यावर येतात, म्हणजे अंधुक उजेडातच बघावं लागतं. दुर्बिणीवर १० बाय ४२ लिहिलेलं, म्हणजे दहापट मोठं दिसणार आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. ती हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे केली की डोळ्याच्या काचेत उजेडाची गोल चकती दिसते. ४२ भागिले १०, म्हणजे ती ४.२ मिलिमीटरची हवी. माझ्या दुर्बिणीतली चकती पट्टीने मोजली तर जेमतेम ३ भरली, तीही गोल नव्हे, चौकोनी, कडांना करडी. पुढची काच मोठी, पण आतून वाट अरुंद केलेली. पार्किंगमध्ये ही परीक्षा एका मिनिटात झाली असती.

तिसऱ्या दिवशी मादी मिळाली. मागचा एक फरा पाठीवर घेतला आणि दोनशे पावलांत सॅकच्या फ्रेमचा प्लास्टिकचा सांधा कडकन मोडला. आजोबांना माझा वाटाही वाहावा लागला, त्यांच्या वयात. थंडी होती म्हणून मटण टिकलं. मारलेल्या जनावराचं मटण वाया घालवणं इथे गुन्हा आहे आणि मलाही ते सहन झालं नसतं.

त्याचा नंबर तोवर बंद झाला होता. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत, ही चोरी धरता येत नाही. क्रेडिट कार्ड असतं तर बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत तक्रार नोंदवता आली असती. एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार केली आहे. पैसे परत आलेले नाहीत. ग्रुपवर मी सगळं लिहिलं तेव्हा आणखी दोघींनी सांगितलं की त्यांनीही त्याच्याकडून सामान घेतलंय. एकीला तो नाशिकचा म्हणाला होता.

मागच्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या मराठी ग्रुपवरची एक पोस्ट मैत्रिणीने मला पाठवली. फोटोत तीच बॅग, खाली आमच्या ग्रुपवरच्या फोटोतलाच हिरवा गालिचा, फक्त या वेळी तो टेक्सासला चालला होता. खाली एका मुलीने भाव विचारला होता. मी तिला लगेच फोन लावला आणि म्हटलं, त्याला पांढऱ्या पट्टीचा फोटो मागव. तिने मागवला. दहा मिनिटांत तो ग्रुपमधून बाहेर पडला.