स्लिम लिथियम बॅटरी : जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

गाडीच्या मागच्या सीटमागे १२ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) स्लिम लिथियम बॅटरी बसवून बरेच महिने झाले, छोटा फ्रिज, लाईट, लॅपटॉप सगळं हिच्यावरच चालतं, त्यामुळे आता ठामपणे सांगू शकतो.

तेवढ्याच एएचची साधी चौकोनी लिथियम बॅटरी बहुतेक वेळा स्वस्त पडते. आतली केमिस्ट्री तीच, लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅकअपही तेवढाच, म्हणजे जास्तीचे पैसे फक्त जाडी कमी केल्याचे. माझ्याकडे सीटमागच्या फटीशिवाय जागाच नव्हती म्हणून ते पटले, पण डिकीत जागा असेल तर उगाच स्लिमच्या मागे लागू नका.

नेहमीच्या लेड ॲसिड बॅटरीशी तुलना करताना नुसता एएच बघून चालत नाही. ती रोज निम्म्याखाली उतरवली की आयुष्य भराभर कमी होतं, म्हणून १०० मधले ५०च धरायचे, लिथियममधून ८०-९० बिनधास्त काढता येतात आणि वजनही निम्म्याहून कमी. लिथियमला सायकल, म्हणजे चार्ज करून वापरण्याच्या फेऱ्या, हजारोंनी मिळतात, त्यामुळे रोजचा वापर असेल तर पैसे वसूल, वर्षातून दोन-चारदा बाहेर पडणाऱ्याला मात्र हिशोब जमत नाही, खरंच सांगतो.

आणि खर्च बॅटरीवर थांबत नाही! अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवणारा गाडीतला जनरेटर) नीट चार्ज करायला डीसी-डीसी चार्जर (ती वीज बॅटरीला हवी तशी करून देणारा), जाड वायर, फ्यूज हे सगळं आलंच, वर शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा भाग) असलेला मॉनिटरही घ्याच, कारण चार्ज बराच उतरेपर्यंत व्होल्टेज १३च्या आसपासच राहतं, नुसत्या व्होल्टमीटरवरून किती उरलीय ते कळतच नाही.

इन्व्हर्टर लावणार असाल तर बीएमएस (बॅटरीच्या आतलं तिला जपणारं सर्किट) सलग किती अँपिअर देतो ते आधी बघा. १००० वॉट काढायचे म्हणजे लॉस धरून ९० अँपिअरच्या आसपास खेचले जातात, आणि काही स्लिम मॉडेलमध्ये ही मर्यादा कमी असते, मग किटली लावली की बीएमएस सगळंच बंद करतो.

बॉनेटखाली मात्र ही अजिबात बसवू नका, इंजिनची उष्णता सेलला मारते. शून्य डिग्रीखाली चार्जिंगही नको, बीएमएसमध्ये लो टेम्परेचर कटऑफ आहे का ते घेतानाच विचारा. मी पत्र्याला चिकटवून न ठेवता दोन्ही बाजूंनी हवा खेळेल इतकी फट सोडलीय, आणि ब्रॅकेटचे बोल्ट अधूनमधून तपासतो, खराब रस्त्यावर ते सैल होतात.