विडी कामगारांचा 'फंड': पैसा भक्कम, माहिती अर्धीच

सोलापूरच्या पूर्व भागात आणि विडी घरकुल वसाहतीत ज्याला नुसतं 'फंड' म्हणतात, ती ईपीएफओची, म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेची सेवा पैसा सांभाळण्यात भक्कम आहे. 2024-25 ला 8.25 टक्के व्याज मिळालं. ती कमी पडते पैशाचा ठावठिकाणा सांगण्यात.

आधी कपात. विडी धंद्याला 12 नव्हे, 10 टक्के दर लागतो. मजुरी 6,000 धरली तर कामगाराचे 600, मालकाचे 600. मालकाच्या 600 मधले 500 पेन्शनकडे जातात, फंडात 100 च पडतात. त्यामुळे पासबुकात मालकाची रक्कम कमी दिसली म्हणून घाबरू नका. घाबरायचं ते मजुरीतून कापलं आणि महिना उलटला तरी नोंद नाही तेव्हा. कापलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे. भरण्याची मुदत पुढच्या महिन्याची 15 तारीख.

पैसे काढण्याचे दावे अडतात नावावर. आधारवर 'यल्लम्मा', फंडात 'येल्लमा', एवढ्यावर अर्ज परत येतो. कारखाना चालू असतानाच दुरुस्त करून घ्या. तो बंद पडला की मालकाची मंजुरी मिळवताना दमछाक होते. विडी वळून बोटांच्या रेषा झिजतात, पेन्शन चालू ठेवायला लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याला ठसा उमटत नाही. तिथे चेहऱ्यावरून ओळख मागा. हा दाखला दिल्या दिवसापासून 12 महिने चालतो, नोव्हेंबरच्या रांगेची गरज नाही.

खरी खंत गुंतवणुकीची आहे. 2015 पासून फंडाचा काही भाग ईटीएफमधून, म्हणजे निफ्टी 50 सारख्या निर्देशांकातले शेअर्स घेणाऱ्या योजनांमधून, शेअर बाजारात जातो. निफ्टी 50 या 50 मोठ्या कंपन्यांच्या यादीत आयटीसी आहे, म्हणजे विडी वळणारीचा पैसा सिगारेट कंपनीतही जातो. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने 2010 मध्ये तंबाखू उत्पादक वगळले. जिचं पोटच तंबाखूवर आहे तिला ते वगळावेत असं वाटेलच असं नाही, पण तिला विचारलं तर पाहिजे. त्या शेअर्सवर कंपन्यांच्या सभेत मत देतात ते हे ईटीएफ चालवणारे म्युच्युअल फंड. 2022 पासून त्यांना प्रत्येक ठरावावर मत देऊन ते वेबसाइटवर जाहीर करावं लागतं. कामगाराच्या पासबुकात मात्र त्याची एक ओळही नसते.

ईपीएफओचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी असतात. युनियननी त्यांच्याकडे लेखी मागावं: कोणत्या कंपनीत किती पैसा आहे, हे वर्षातून एकदा मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये छापून कारखान्याच्या फलकावर लावा.