निकॉन डी३५०० सोबत चौदा महिने, आणि आजीच्या चुलीपाशी निवडलेली लेन्स

गेल्या वर्षी मे महिन्यात मी निकॉनचा डी३५०० हा डीएसएलआर (आत आरसा असलेला) कॅमेरा सेकंडहँड घेतला. सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम लेन्स), चार्जर, एक बॅटरी आणि पट्टा, मिळून बावीस हजार रुपये. शटरचा आकडा तेव्हा नऊ हजारांच्या आसपास होता, आता एकवीस हजारांच्या पुढे गेलाय. म्हणजे चौदा महिन्यांत साधारण बारा हजार फोटो झाले. आता काही लिहावं इतका वापर झाला असं वाटतं.

कॅमेरा मला एकाच कारणासाठी हवा होता. आजी जावळीतल्या आमच्या जुन्या घरी राहते आणि अजून चुलीवर भाकरी करते. मोबाइलने काढलेल्या तिच्या फोटोंत चेहरा मेणासारखा गुळगुळीत व्हायचा, हातावरच्या सुरकुत्या पुसल्या जायच्या. मला त्या सुरकुत्याच हव्या होत्या.

घेताना ज्याला त्याला विचारलं, आणि उत्तर एकच मिळालं: डीएसएलआरचे दिवस संपले, मिररलेस (बिनआरशाचा) घे. त्यात तथ्य आहे. डी३५०० जाहीर झाला ३० ऑगस्ट २०१८ ला, आणि त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी निकॉनने झेड मालिकेतले पहिले मिररलेस कॅमेरे आणले होते. डी३५०० नंतर डी३००० मालिकेत नवा कॅमेरा आलाच नाही. पण निकॉनचा एफ माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची जोडणी) १९५९ पासूनचा. इतक्या वर्षांच्या लेन्स जुन्या बाजारात फिरत असतात, आणि माझ्या बजेटमध्ये तेच बसत होतं. शिवाय पुढे कधी झेड घेतलाच, तर एफटीझेड अडॅप्टर लावून एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स (आतच फोकसची मोटर असलेल्या) ऑटोफोकससकट चालतात. म्हणून पैसे वाया जाण्याची भीती मनातून काढून टाकली.

पहिला आनंद व्ह्यूफाइंडरचा. डोळा लावला की समोरचं खरंखुरं दिसतं, स्क्रीनवर रंगवलेलं नाही. संध्याकाळी उजेड उतरत जातो तसं भिंगातूनही तो उतरताना दिसतो. व्ह्यूफाइंडर ९५ टक्केच भाग दाखवतो, त्यामुळे फोटोच्या कडेला कधी कुणाचा कोपर, कधी दोरीवरचं धडुतं जास्तीचं येतं. पहिले दोन महिने मी ते कापत बसायचे, आता आधीच डोळा कडेला जातो. बॉडीचं वजन बॅटरी आणि कार्डासह ४१५ ग्रॅम. पकड खोल आहे, माझ्या लहान हातातही नीट बसते. कंपनीच्या आकड्यानुसार एका चार्जवर १५५० फोटो निघतात. मला त्याची खरी किंमत आजीकडेच कळली: पावसाळ्यात तिथे दोन-दोन दिवस वीज नसते, पण बॅटरीची काळजी कधी करावी लागली नाही.

व्हिडिओसाठी मात्र हा घेऊ नये. बाहेरचा माइक जोडायला जागाच नाही, स्क्रीन वळत नाही. वाय-फायही नाही, ब्लूटूथवरून मोबाइलवर लहान आकाराचे फोटो जातात, मोठे हवे तर कार्ड काढायचं.

आता लेन्सचं.

किट लेन्सला नावं ठेवणारे खूप भेटतात. माझं मत उलट आहे आणि ते कासला ठरलं. सप्टेंबरात पठारावर गेले तेव्हा फुलांसाठी वेगळी मॅक्रो लेन्स लागेल असं गृहीत धरून, जरा हिरमुसूनच गेले होते. पण ही एएफ-पी १८-५५ सेन्सरपासून २५ सेंटिमीटरवर फोकस करते. ५५ वर नेऊन तेवढं जवळ गेलं की साधारण सहा सेंटिमीटर रुंदीची जागा पूर्ण चौकट भरते. सीतेची आसवं हे जांभळं फूल नखाएवढं. त्याच्यासमोर पठारावरच्या वाटेवर पोटावर झोपले, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) एफ ८ ठेवलं आणि पाकळीवरचा दवाचा थेंब स्वच्छ आला. पुढे मी ज्या ३५ मिमीच्या प्राइमबद्दल (झूम नसलेल्या लेन्सबद्दल) भरभरून बोलणार आहे, तिला हे जमत नाही. ती ३० सेंटिमीटरवर थांबते आणि तिथून फूल चौकटीच्या मधोमध ठिपक्यासारखं दिसतं. तेव्हा फुलं, कीटक, दागिने असलं काही काढायचं असेल तर आधी किट लेन्सनेच खूप दिवस काढा.

एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. ही लेन्स दुमडून ठेवता येते. बटण दाबून फिरवून उघडली नाही तर फोटो निघत नाही, फक्त स्क्रीनवर सूचना येते. गेल्या वर्षी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण पाहायला गेले होते. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व समोर आला, आणि माझी लेन्स दुमडलेली. उघडेपर्यंत अश्व गेला होता. लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले, ते तेवढं मिळालं. यंदा सकाळीच लेन्स उघडून ठेवली, शटर एक हजारांश सेकंद, ३५ वर. सलग पाच फोटो सेकंदाला निघतात, त्यातल्या एकात चारही पाय जमिनीच्या वर आहेत. त्या गर्दीत लांबची लेन्स आणलेले बरेच जण होते, त्यांच्यापुढे सतत कुणाची तरी टोपी नाहीतर पताका येत होती. अश्व तीन-चार हातांवरून जातो तिथे किट लेन्सच बरी.

पण आजीच्या स्वयंपाकघरात किट लेन्स हरली. तिथे एक खिडकी, कौलात बसवलेली एक काच आणि चुलीचा जाळ, एवढाच उजेड. ३५ मिमीच्या आसपास ही लेन्स एफ ४.५ पर्यंतच उघडते (आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). हात थापतानाचा वेग धरायचा तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर न्यावा लागे, आणि आजीच्या निळ्या लुगड्यावर राखेसारखे कण दिसू लागत. फ्लॅश एकदाच वापरला. चूल, कोनाडा, काळवंडलेली भिंत सगळं एकसारखं पांढरं झालं. पुन्हा वापरला नाही.

तेव्हा मी घाईत चूक केली. एका दुकानात ५० मिमी एफ १.८ डी स्वस्तात मिळाली. "निकॉनचीच आहे, बसते," एवढं ऐकून घेतली. बसली, मीटरही चालला, फोकस मात्र हलेना. कारण असं की डी प्रकारच्या लेन्समध्ये मोटर नसते. बॉडीतली मोटर एका छोट्या स्क्रूने तिचं फोकस फिरवते. डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत ती मोटरच नाही. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तरच या बॉडीवर ऑटोफोकस मिळतो. दुकानदाराने ती परत घेतली नाही. हाताने फोकस करून वापरता येते, व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात फोकस लागला की हिरवा ठिपका येतो. आजी माळ जपत बसली असेल तर तो ठिपका पुरतो. भाकरी थापणाऱ्या हातांच्या मागे तो धावू शकत नाही.

जुनी लेन्स घेताना आणखी दोन गोष्टी नीट वाचा. १८-५५ आणि ७०-३०० या दोन्ही एएफ-पी लेन्स व्हीआर असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही मिळतात, आणि दिसायला जवळपास सारख्याच. हात स्थिर ठेवायला व्हीआर हवंच, विशेषतः लांबच्या लेन्सला. आणि तुमची बॉडी डी३१०० किंवा डी३२०० असेल, तर एएफ-पी त्यावर फोकस करत नाही, तिथे एएफ-एसच शोधा.

दिवाळीनंतर फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ १.८ जी घेतली. सेकंडहँड, साडेआठ हजार. मोबाइलची बॅटरी मागून मारून आत बुरशीचं जाळं नाही ना ते पाहिलं, स्वतःच्या बॉडीवर लावून दुकानातच वीस फोटो काढले, मगच पैसे दिले.

हिशोब साधा आहे. एफ ४.५ च्या तुलनेत एफ १.८ ला सहापट उजेड आत येतो. जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे हजारावर भागलं, तोच शटर स्पीड ठेवून. लुगड्याचा निळा निळा राहिला. पिठाने माखलेल्या बोटांवरच्या रेषा दिसल्या. जाळाचा तांबूस रंग आजीच्या गालाच्या एका बाजूला तसाच आला, जसा मी लहानपणापासून पाटावर बसून पाहत आलेय. ते पहिले फोटो मी रात्री अंथरुणात त्या तीन इंची स्क्रीनवर किती वेळा पाहिले ते सांगता येणार नाही.

या ३५ ची शिस्त वेगळी आहे. पूर्ण उघडी ठेवून एक मीटरवरून फोटो काढला तर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीच फोकसमध्ये राहते. डोळा धरला तर हात धूसर, हात धरले तर चेहरा. अकरा फोकस पॉइंटांपैकी क्रॉस प्रकारचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा) फक्त मधला, अंधारात भरवसा त्याचाच. मी मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस धरते, बटण अर्धं दाबून ठेवते आणि मग चौकट सरकवते. एवढ्यातही कधी थोडं निसटतं, म्हणून हल्ली बहुतेक वेळा एफ २.८ वर ठेवते.

३५ घेऊ की ५० जी (५० मिमीची मोटर असलेली एएफ-एस लेन्स), असं मला दोघी-तिघींनी विचारलं. हा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान, म्हणून दीडपट धरायचं: ३५ ची दृष्टी साडेबावन्नची होते, ५० ची पंचाहत्तरची. आपली स्वयंपाकघरं, माजघरं, बैठकीच्या खोल्या दहा बाय दहाच्या. ५० लावली की पाठ भिंतीला टेकते आणि तरी समोरच्याचं डोकं नाहीतर ताट कापलं जातं. घरातल्या माणसांसाठी ३५. अंगणात, मंडपात लांबून चेहरे टिपायचे असतील तर ५० जी सुंदर आहे.

लांबची लेन्स मी विकत घेतली नाही. जानेवारीत भिगवणला जायचं ठरलं तेव्हा पुण्यातून ७०-३०० व्हीआर तीन दिवसांसाठी भाड्याने आणली. कुंभारगावात पहाटे नावेत बसलो. धुकं पाण्यावर होतं, पट्टकदंबांचा आवाज आधी आला आणि थवा नंतर दिसला. उजाडल्यावर रोहित दिसले, गुलाबी रेघ ओढल्यासारखे. ३०० मिमीलासुद्धा साठ मीटरवरचा रोहित चौकटीच्या निम्म्या उंचीतही येत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. नावाड्याला थव्यात नाव घालायला सांगणारे लोक मी तिथे पाहिले. तसं करू नका. पक्षी उडतात, त्यांचं चरणं मोडतं आणि तुम्हाला पाठमोरे पंख मिळतात. आमचे नावाडीकाका इंजिन बंद करून वीस मिनिटं थांबले, आणि चार रोहित चरत चरत स्वतःच जवळ आले. व्हीआर आपला हात सावरतं, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही, म्हणून शटर एक हजारांशच्या खाली आणलं नाही. फोटो मनासारखे आले. पण वर्षातून दोनदा लागणाऱ्या लेन्ससाठी भाडंच परवडतं. पुढच्या जानेवारीत पुन्हा आणेन.

जावळीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना बुरशीबद्दल वेगळं सांगायला नको. चामड्याची पिशवी ओल धरते, ती पावसाळ्यात नकोच. मी हवाबंद झाकणाचा धान्याचा डबा घेतला, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये ठेवते. निळे दाणे गुलाबी झाले की स्वयंपाकाला न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करते, ते पुन्हा निळे होतात. आणि दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून वापरते. या बॉडीत सेन्सर आपोआप झटकण्याची सोय नाही, डी३३०० मध्ये होती. म्हणून वाऱ्यात लेन्स बदलत नाही, रबरी ब्लोअर कायम जवळ असतो.

एप्रिलमध्ये त्यातला एक फोटो बारा बाय अठरात छापून आजीला दिला. भाकरी तव्यावर टाकतानाचा, ३५ चा, एफ २.८. तिने तो दारातल्या उजेडात नेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "चांगला आलाय गं. पण ह्यात धूर कुठाय?"

धूर खरंच नव्हता. मी कायम खिडकीच्या बाजूला उभी राहून काढत होते, उजेड माझ्या पाठीमागून येत होता, आणि धूर दिसायचा तर उजेड त्याच्या पलीकडून यायला हवा. सकाळी नऊच्या सुमाराला कौलातल्या काचेतून कवडसा थेट चुलीवर पडतो. धुरातून तो तिरका उतरताना मी हजार वेळा पाहिलाय. त्यासाठी मला समोरच्या कोपऱ्यात, उतरंडीला पाठ लावून बसावं लागेल. तिथून ३५ मध्ये आजी मावते, कवडसा मावत नाही. म्हणून पुन्हा किट लेन्स, १८ वर. मे महिन्यात दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा सरपण वाळलेलं होतं आणि धूरच झाला नाही. आता पाऊस लागलाय. सरपण ओलं आहे, धूर भरपूर आहे, पण दसऱ्यापर्यंत कौलांवर ऊन येणार नाही.