जॅकेट तसंच ठेवायचं, काढायचं की त्यावर अजून कव्हर घालायचं?

पुठ्ठा बांधणीचं पुस्तक घेतलं की ते वरचं सुटं जॅकेट वाचताना सारखं सटकतं, मग वैताग येतो. मी सगळे प्रकार करून बसलोय म्हणून सांगतो.

जॅकेट मुळात धुळीसाठीच आलं. इंग्लंडमधलं १८२९ चं एक सापडलंय ते तर अख्ख्या पुस्तकाला पुडीसारखं गुंडाळलेलं होतं, घरी आणा, फाडा, फेका. आता चित्र, ब्लर्ब (पुस्तकाची थोडक्यात ओळख), लेखकाचा फोटो, किंमत सगळं जॅकेटवरच असतं आणि आत नुसता कोरा पुठ्ठा, त्यामुळे फेकायचं तर नाहीच. गिफ्ट देताना किंमतीचा कोपरा कापतात तेही नको, जुनी पुस्तकं जमवणारे लोक त्यावर नाक मुरडतात.

नुसतं तसंच ठेवलं तर? सिताबर्डीत घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, आपल्या नागपुरात मे महिन्यात घरोघरी कूलर चालू असतो आणि खरा घोळ तिथेच आहे. जॅकेटला बाहेरून लॅमिनेशन असतं, आतून कागद उघडा, तो ओल पितो, फुगतो, आणि आतले फ्लॅप, म्हणजे पुठ्ठ्याआड दुमडलेल्या बाजू, गुंडाळायला लागतात. खिडकीसमोर शेल्फ असेल तर कण्यावरचा लाल-पिवळा रंग आधी उडतो. कूलरच्या झोतापासून आणि उन्हापासून लांब ठेवलं तर मात्र काही न करताही चालतं.

ब्राऊन पेपर स्वस्त आहे, जूनमध्ये शाळेच्या वह्यांना घालायचो तसाच, पण मग अख्खं शेल्फ खाकी दिसतं, कुठलं पुस्तक कुठलं ते कळत नाही. शिवाय साधा खाकी कागद आम्लधर्मी असतो, कायमचा घालू नका, प्रवासापुरता ठीक.

चिकट प्लास्टिक रोल? नाही म्हणजे नाही. मी एकदा हौसेने चिकटवला, दोन उन्हाळ्यांत पिवळा पडला, काढायला गेलो तर चित्रच सोलून आलं बाप्पा.

माझं मत बिनगोंदाच्या पारदर्शक पॉलिएस्टर कव्हरला. जॅकेट आत सरकवायचं, कडा दुमडायच्या, झालं. फक्त ते पीव्हीसी प्लास्टिकचं नाही ना ते विचारून घ्या, पीव्हीसी पुढे चिकट होतं आणि छपाईला धरतं. दर पुस्तकामागे थोडा खर्च आहे, म्हणून मी आवडत्या पुस्तकांनाच घालतो.

आणि कोणी वाचायला मागितलं तर जॅकेट काढून नुसतं पुस्तक द्यायचं. शेल्फवर रिकामं जॅकेट दिसलं की आठवतं, कोणाला फोन करायचा ते.