शॅटुकाइटची अंगठी: आठ महिने वापरल्यावर

खडा ऑनलाइन मागवला होता. विकणाऱ्याने 'शनीसाठी चालतो' असं ठोकून दिलं होतं. निळं दिसलं की शनी! मला फक्त रंग आवडला होता.

शॅटुकाइट हे तांब्याचं सिलिकेट, तसं दुर्मीळच. ॲरिझोनातल्या बिस्बी गावच्या शॅटक खाणीवरून 1915 मध्ये त्याला हे नाव मिळालं. नीलमाची निळाई लोह आणि टायटॅनियमची, याची थेट तांब्याची.

गुजरीतल्या (कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या) सोनारकाकांनी असला खडा कधी पाहिला नव्हता. कोंदणात बसवण्याआधी माझ्या हट्टाखातर त्यांनी तो हवेत आणि पाण्यात तोलला: 3.2 आणि 2.3 ग्रॅम. म्हणजे विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड) साडेतीनच्या आसपास. क्रिसोकोला (तांब्याचाच दुसरा निळा-हिरवा खडा) किंवा साधी रंगीत काच इतकी भरत नाही. निव्वळ शॅटुकाइट 4.1 च्या जवळ जातं, तेव्हा माझ्या खड्यात गारगोटी मिसळलेली असणार. (भुदरगडातलं गाव नव्हे, दगड!)

पहिले दोन महिने झकास. ज्याने त्याने हात धरून विचारावं, "काय गं हे?"

मग चमक गेली, पण सगळीकडची नाही. उजेडात तिरका धरला की गारगोटीच्या रेषा अजून लखलखतात आणि मधला निळा भाग पाटीसारखा मंद दिसतो. कारण साधं आहे. 1 ते 10 च्या मोहस् मापावर याचा कठीणपणा जेमतेम 3.5, गारगोटीचा 7, आणि रस्त्यावरच्या धुळीत तीच गारगोटी बारीक होऊन असते. मी रोज स्कूटरवरून येते-जाते, शिवाय प्रत्येक वेळी अंगठी ओढणीला पुसायची खोड. धूळ मीच घासत होते.

दुसरा घोळ तांबड्या रश्श्याच्या जेवणात झाला. लिंबू पिळलं आणि अंगठी तशीच राहिली. कडेला मॅलॅकाइटचा हिरवा ठिपका होता, तो सकाळी खरबरीत लागला. मॅलॅकाइट हे तांब्याचं कार्बोनेट, आंबटाशी त्याचं जमत नाही. चांदी उजळायचं द्रावणही म्हणूनच टाळते. साधं पाणी, मऊ फडकं, लगेच कोरडं करायचं.

रंग मात्र तसूभरही उतरलेला नाही.

घ्यायचा असेल तर घ्या, पण बोटात नको. मी गेल्या महिन्यात काकांकडून पुन्हा पॉलिश करून त्याचं गळ्यातलं पदक करून घेतलं. खरबरीत कड त्यांनी कोंदणाखाली दाबली. घडणावळ दुसऱ्यांदा भरावी लागली, ती वेगळीच.